शुभवर्तमान आणि आठवड्याचे सहा दिवस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नसरापूर येथें केलेलें भाषण)



महोत्सवाचा दिवस हा आनंदाचा दिवस होय. गेल्या पन्नास वर्षांत परमेश्वरानें आपल्या धर्मग्रामावर जे उपकार केले त्यांचें स्मरण करावें, पूर्वींचे धर्मगुरू, धर्मभगिनी व मास्तर यांना कृतज्ञतेनें आठवावें, आणि सर्वांनीं एका पंगतीस बसून गोड घांस खावा, हें उचितच आहे. परंतु मंडप उभारला, पताका लाविल्या, मिस्सा झाली, पंगत उठली, म्हणजे महोत्सव संपला असें जर आपण मानूं लागलों, तर त्या शब्दाचा अर्थच आपणांस कळला नाहीं असें म्हणावें लागेल. म्हणून आज आम्ही आपणांपुढें एकच गोष्ट मांडणार आहों. ती ही कीं, शुभवर्तमान रविवारीं ऐकावयाचें असतें व उरलेल्या सहा दिवसांत पाळावयाचें असतें. आणि तें पाळण्याचीं ठिकाणें म्हणजे आपलें घर, आपला बाजार व आपली वाट.

प्रथम महोत्सवाचा मूळ अर्थ पाहूं. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वराची अशी आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें मोजावीं आणि त्यापुढील पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकून तें वर्ष जाहीर करावें. शिंग वाजल्यावर काय व्हावयाचें होतें? नवें मंदिर बांधावयाचें नव्हतें, कीं मोठी यात्रा भरवावयाची नव्हती. अडचणींत सांपडून ज्यानें वडिलार्जित जमीन विकली असेल त्याला ती परत मिळावयाची होती. दारिद्र्यामुळें जो दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या मुलांमाणसांत जावयाचें होतें. फार काय, भुईलाहि त्या वर्षीं विसावा द्यावयाचा होता. पुढें प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानांत यशया प्रवक्त्याचा ग्रंथ वाचावयास उभा राहिला, तेव्हां त्यानें दीनांचें, बंदिवानांचें व पिडलेल्यांचें सुटकेचें वर्ष ज्यांत सांगितलें आहे तोच भाग वाचला, आणि तें वचन आज पूर्ण झालें असें सांगितलें. इ. स. १३०० मध्यें पोप आठवे बोनिफास यांनीं पवित्र वर्षाची प्रथा सुरू केली. २०२५ हें वर्षहि तसेंच पवित्र वर्ष म्हणून पाळलें गेलें. परंतु मुळांतील महोत्सव हा जमिनीचा, कर्जाचा, मजुरीचा व माणसांच्या मोकळीकीचा होता, हें आपण विसरतां कामा नये.

ज्या गावीं आपण जमलों आहों, त्या नसरापुराजवळ बनेश्वराचें शिवालय आहे. तें नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७४९ सालीं बांधिलें गेलें. सुटीच्या दिवशीं पुण्याहून पुष्कळ लोक तेथील गर्द झाडी पाहण्यास येतात; परंतु देवळांतील घंटेकडे लक्षपूर्वक पाहणारे थोडे. त्या मोठ्या घंटेवर क्रूसाचें चिन्ह व १६८३ हें साल आहे. म्हणजे देऊळ बांधण्यापूर्वीं सहासष्ट वर्षें ती ओतली गेली. वसईचा किल्ला १७३९ सालीं मराठ्यांच्या हातीं आला, आणि त्या मोहिमेंत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें पोर्तुगिजांच्या मुलुखांतील चर्चांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर आणल्या. त्यांपैकींच ही एक असें सांगतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशीच दुसरी घंटा आहे. ती १७०७ सालची असून तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृति आहे.

या घंटांबद्दल आम्हांस कोणाकडे कांहीं मागावयाचें नाहीं. उलट, इतकीं वर्षें आमच्या हिंदु बांधवांनीं त्या जतन केल्या व त्यांवरील क्रूस घासून काढला नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. आम्हांस त्या घंटेपासून निराळाच धडा घ्यावयाचा आहे. ती घंटा क्रूस अंगावर वागविते. परंतु क्रूसामुळें तिच्या नादांत कांहींहि फरक पडत नाहीं. ज्याचा हात लागेल त्याच्यासाठीं ती वाजते, आणि वाजून झाल्यावर पूर्वींसारखीच थंड लोंबकळत राहते. बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्याहि कपाळावर क्रूस काढला गेला. आपलें नांव ख्रिस्ती, आपल्या गळ्यांत पदक, आपल्या भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर. एवढ्यावरून आपण ख्रिस्ताचे झालों काय? संत पौलानें करिंथच्या लोकांस हेंच लिहिलें कीं, माणूस कितीहि गोड बोलो, अंतरीं प्रीति नसेल तर तो नुसत्या वाजणाऱ्या कांशासारखा आहे. बंधुभगिनींनो, आपण माणसें आहों कीं घंटा, हा आजचा प्रश्न आहे.

शुभवर्तमानाचा शब्द आपल्या भाषेंत कांहीं नवा नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपल्या ओवीछंदांत रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत छापलें गेलें, त्यास चारशें वर्षें होऊन गेलीं. या नसरापुरांतहि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ या प्रॉटेस्टंट संस्थेनें आपलें ठाणें केलें होतें. ते लोक आमच्या पंथाचे नव्हेत; परंतु परक्या देशांतून येऊन या खेड्यापाड्यांत राहिले, याबद्दल त्यांचा आदर करणें आपलें कर्तव्य आहे. सारांश, शब्द आपल्या भाषेंत आला, आपल्या गावांत आला. तो आपल्या व्यवहारांत आला कीं नाहीं, एवढेंच पाहणें उरलें आहे.

पहिलें ठिकाण घर. पुणें-सातारा रस्ता रुंद झाला, पुण्याची वस्ती दक्षिणेकडे पसरत आली, आणि भोर-वेल्ह्याच्या ज्या वरकस माळाकडे पूर्वीं कोणी ढुंकून पाहत नसे, त्यालाहि आतां गुंठ्यावर भाव आला. भाव आला तसा भावाभावांत दावाहि आला. बांधाच्या वीतभर जागेसाठीं एकमेकांच्या दारीं न जाणारे सख्खे भाऊ आम्हीं पाहिले आहेत. ते रविवारीं एकाच देवळांत, एक उजवीकडे व एक डावीकडे, असे गुडघे टेकून असतात. प्रभूची आज्ञा काय आहे? वेदीपाशीं दान घेऊन आलास, आणि भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं आहे असें तेथें आठवलें, तर दान तेथेंच ठेव. आधीं जाऊन समेट कर, मग ये. प्रभू म्हणतो कीं माझी पूजा थोडी थांबली तरी चालेल, भाऊ थांबतां कामा नये. ही आज्ञा जर आपण अक्षरशः पाळूं लागलों, तर कांहीं रविवारीं देऊळ अर्धें रिकामें होईल; परंतु पुढच्या रविवारीं तें खऱ्या अर्थानें भरेल.

आणि बहिणीचें काय? जमीन विकावयाची वेळ आली कीं सासरीं नांदणाऱ्या बहिणीची आठवण होते. तिला सन्मानानें बोलावून आणतात, साडीचोळी करतात, आणि तलाठ्याच्या नाहीं तर निबंधकाच्या कचेरींत नेऊन हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा किंवा सही घेतात. माहेर तुटूं नये म्हणून ती बिचारी कांहीं बोलत नाहीं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानें ख्रिस्ती आईबापांच्या मृत्युपत्राविना राहिलेल्या मिळकतींत मुलगा व मुलगी यांस सारखा वाटा दिला आहे. आमच्या हिंदु भगिनींसहि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. बहीण आपखुशीनें हक्क सोडीत असेल तर तो तिचा प्रश्न; परंतु भिडेनें व भीतीनें घेतलेली सही ही साडीच्या घडींत गुंडाळलेली चोरी होय. पन्नासाव्या वर्षीं जमीन ज्याची त्याला परत द्यावी असें सांगणारा महोत्सव आपण साजरा करतों, आणि त्याच वर्षीं बहिणीचा वाटा गिळतों, हें परमेश्वराला कसें आवडावें?

घराविषयीं आणखी एकच शब्द. एका वेदीवरून एकच पवित्र भाकर घेणारे आपण, सोयरीक जमवितांना किंवा पंगतीस बसवितांना हळूच पूर्वींची जात विचारतों. हें ज्यांच्या घरीं होत नसेल त्यांनीं परमेश्वराचे आभार मानावे. ज्यांच्या घरीं होत असेल त्यांनीं आजच थांबवावें. यावर अधिक बोलण्याची आम्हांस लाज वाटते.

दुसरें ठिकाण बाजार. आपल्या भागांत भात पिकतो, आणि भात मापानें मोजण्याची जुनी रीत वडील मंडळींस ठाऊक आहे. पायली भरल्यावर तिच्यावर जो उंच ढीग राहतो त्याला शीग म्हणतात. उदार माणूस शीग लावून माप देई. कंजूष माणूस हाताच्या तळव्यानें शीग कापून टाकी. प्रभूनें गालीलांत मापाविषयीं जें सांगितलें तें आपल्या शेतकऱ्याला समजावून द्यावें लागत नाहीं: चेपून, हालवून, शिगेपर्यंत भरलेलें माप परमेश्वर तुमच्या पदरांत घालील, कारण ज्या मापानें तुम्ही मोजाल त्याच मापानें तुम्हांस मोजून मिळेल. आज पायल्या गेल्या व विजेचे काटे आले; परंतु हात तोच आहे. दुधांत पाणी घालणारा, करंडीच्या वर चांगलीं फळें व खालीं नासकीं भरणारा, काट्यावर हळूच बोट ठेवणारा, हे सर्व शीग कापणारेच होत.

भाताच्या लावणीस चिखलांत दिवसभर वांकून उभ्या राहणाऱ्या बायांची मजुरी आपण कधीं देतों? मजुरी सूर्यास्तापूर्वीं द्यावी अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे, कारण मजुराचा जीव त्या पैशांत गुंतलेला असतो. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं कामगारांविषयीं जें प्रसिद्ध परिपत्रक काढिलें, त्यांत मजुरी ही केवळ सौद्याची गोष्ट नसून मजुराचा नीट निर्वाह होईल इतकी ती असली पाहिजे, असें बजाविलें आहे. “ती कबूल झाली होती, मग कमी दिली तर काय झालें?” असें म्हणून आपण सुटूं शकत नाहीं. जक्कय नांवाचा जकातदार प्रभूला घरीं घेऊन गेला तेव्हां त्यानें स्तोत्र गायिलें असें शुभवर्तमानांत नाहीं. त्यानें हिशेबाची वही उघडली. अर्धी मालमत्ता गरिबांस, आणि ज्यांना लुबाडलें असेल त्यांस चौपट परत. ख्रिस्त घरांत आला याची खूण त्या वहींत दिसली. आपल्या वहींत ती दिसते काय?

तिसरें ठिकाण वाट. आणि येथें आम्हांस दुसऱ्यांस उपदेश करण्याऐवजीं आपलीच कबुली द्यावयाची आहे. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर चोरांनीं लुटून अर्धमेल्या टाकलेल्या माणसाचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्याला पाहून एक याजक दुसऱ्या बाजूनें निघून गेला, एक लेवी तसाच गेला, आणि ज्याला लोक परका व बाटलेला मानीत तो शमरोनी थांबला. आम्हीं हा दृष्टांत किती वेळां वाचला व त्यावर किती प्रवचनें केलीं, याची गणना नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं, श्रावणांतल्या एका तिन्हीसांजेस, आम्ही चेलाडी फाट्याच्या अलीकडून एका वाडीवर मिस्सेसाठीं जात होतों. पाऊस भुरभुरत होता. हमरस्त्याच्या कडेला मोटारसायकल आडवी पडली होती आणि एक तरुण मनुष्य चिखलांत निजला होता. आमच्या गाडीवाल्यानें वेग कमी करून आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, “उशीर होतो आहे, लोक वाट पाहत असतील, कोणीतरी थांबेल.” आमच्या मनांत आणखीहि एक विचार होता, तो आम्हीं बोलून दाखविला नाहीं: पोलिसांची चौकशी, साक्ष, कोर्टाच्या खेपा. गाडी पुढें गेली. आम्हीं मिस्सा केली. हात वर करून लोकांस शांति दिली. परत येतांना त्या जागीं कणसें भाजून विकणारी एक बाई आपली विझलेली शेगडी आवरीत होती. विचारल्यावर तिनें सांगितलें कीं, तिनें रस्त्यांत उभें राहून एक टेंपो अडविला, आपल्या लुगड्याच्या पदराची पट्टी फाडून त्या मुलाच्या डोक्याला बांधली, आणि त्याच टेंपोंतून त्याला दवाखान्यांत पोंचविलें. मुलगा शुद्धीवर आला होता. तिची कणसें पावसांत भिजून गेलीं होतीं. “महाराज, आपलं लेकरू असतं तर सोडलं असतं का?” एवढेंच ती म्हणाली. ती ख्रिस्ती नव्हती. आम्ही कोण, हें तिला ठाऊक नव्हतें. आणि आम्ही त्याच वाटेनें पुढें गेलों होतों, हें आम्हीं तिला सांगितलें नाहीं.

बंधुभगिनींनो, त्या रात्रीं आम्हांस प्रथम कळलें कीं त्या दृष्टांतांत आमची जागा कोणती आहे. आम्ही तो याजक आहों. दोन हजार वर्षांपूर्वीं प्रभूनें आमचेंच वर्णन करून ठेविलें होतें, आणि तें वाचतांना आम्ही मात्र नेहमीं शमरोनी माणसाच्या जागीं स्वतःला बसवीत होतों.

त्यानंतर आपल्या देशाच्या कायद्यानें एक मोठी गोष्ट केली. अपघातांत जखमी झालेल्यास मदत करणाऱ्याला त्रास होऊं नये, यासाठीं केंद्र सरकारनें घालून दिलेल्या नियमांस सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं बंधनकारक स्वरूप दिलें; आणि २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घालून अशा मदतनिसास दिवाणी व फौजदारी जबाबदारींतून संरक्षण देण्यांत आलें. त्याला आपलें नांव सांगण्याची सक्तीहि करतां येत नाहीं. त्या कायद्यांत अशा माणसाला दिलेलें इंग्रजी नांव कोणतें आहे? तें आहे ‘गुड समॅरिटन’, म्हणजे प्रभूच्या दृष्टांतांतला तो चांगला शमरोनी. ज्या देशांत ख्रिस्ती लोक मूठभर, त्या देशाच्या कायद्याच्या पुस्तकांत शुभवर्तमानांतला हा वाटसरू जाऊन बसला. आतां आपल्यापाशीं पोलिसांच्या भीतीची सबबहि उरली नाहीं. या हमरस्त्यावरून आपण रोज जातों येतों. कायदा थांबणाऱ्याचें रक्षण करील. परंतु थांबण्यासाठीं पाय कायदा देणार नाहीं. तो ख्रिस्ताकडूनच मागून घ्यावा लागेल.

येथें कोणी विचारील, “हें सर्व खरें, पण व्हावें कसें? दर रविवारीं ऐकतों, आणि सोमवारीं जसेच्या तसे.” याचें उत्तर आपल्या डोंगरांकडे पाहून मिळेल. भोर-वेल्ह्याच्या सह्याद्रींत आषाढ-श्रावणांत पाऊस कोसळतो; तरी वैशाखांत किती वाड्यांवर बाया हंडे घेऊन दूरवर जातात! पाऊस कमी पडला असें नाहीं. तो वाहून गेला. स्वित्झर्लंडचे जेजुइट फादर हर्मन बाखर १९४८ सालीं भारतांत आले, आणि त्यांनीं आपलें आयुष्य अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कोरडवाहू शेतकऱ्यांसाठीं वेंचिलें. १९९३ सालीं त्यांनीं फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह पाणलोटाच्या कामासाठीं ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कामाचा नियम असा कीं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत जावयाचें. आधीं डोंगराच्या माथ्यावर समतल चर खणावयाचे व झाडें लावावयाचीं, मग उतारावर बांध घालावयाचे, आणि शेवटीं खालीं ओढ्यावर बंधारा. माथा तसाच सोडून खालीं बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळानें भरून जातो. शिवाय गावकऱ्यांनीं स्वतः श्रमदान करावें, आणि मोकाट चराई बंद ठेवावी. फादर बाखर २०२१ सालीं देवाघरीं गेले. परंतु त्यांची ही रीत हेंच एक प्रवचन आहे.

आपल्यावरहि दर रविवारीं वचनाचा पाऊस पडतो. तो मुरत नाहीं, कारण माथ्यावर चर नाहींत. माथा म्हणजे अंतःकरण. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं पांच मिनिटें दिवसाचा झाडा घेणें, हा एक चर. महिन्यांतून एकदां खऱ्या पश्चात्तापानें पापनिवेदन करणें, हा दुसरा. कुटुंबानें मिळून जपमाळ म्हणणें, आणि त्या वेळीं रुसलेल्या माणसाला हांक मारून आपल्याजवळ बसविणें, हा तिसरा. मोकाट चरणाऱ्या गुरांसारखी आपली जीभ व आपला लोभ, यांना दावें घालणें, हा बंदोबस्त. एवढें वर झालें म्हणजे खालच्या ओढ्याला, घरांत, बाजारांत व वाटेवर, आपोआप पाणी दिसूं लागेल. आणि तें पाणी केवळ आपल्याच विहिरींत नव्हे, तर शेजाऱ्याच्याहि विहिरींत चढेल, कारण जमिनीखालचें पाणी बांध ओळखीत नाहीं.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून आम्ही आपणांपाशीं वर्गणी मागत नाहीं. तीन गोष्टी मागतों. ज्या भावाशीं किंवा बहिणीशीं आपलें जमिनीवरून वांकडें आलें असेल, त्याच्या दारीं हें वर्ष संपण्यापूर्वीं स्वतः जावें. ज्याची मजुरी, उसनवारी किंवा माप आपण कमी दिलें असेल, त्याला तें शीग लावून परत करावें. आणि वाटेवर कोणी पडलेला दिसला, तर मिस्सेला उशीर झाला तरी चालेल, परंतु थांबावें. त्या दिवशीं धर्मगुरू आपणांस उशिराबद्दल रागावणार नाहीं. कदाचित् तोहि आपल्याबरोबर त्या वाटेवरच असेल.

बनेश्वराची घंटा वाजत राहील. आपल्या देवळाचीहि वाजत राहील. परमेश्वर करो आणि तिचा नाद ऐकून आपलीं पावलें केवळ देवळाकडे नव्हे, तर भावाच्या दाराकडेहि वळोत. ज्या प्रभूनें पडलेल्या मानवजातीला पाहून वाट बदलली नाहीं, तो आपणां सर्वांस थांबण्याची बुद्धि देवो. आणि त्याची पवित्र माता, जी गरोदरपणींहि डोंगराळ मुलुखांतून चालत आपल्या वृद्ध आप्तेच्या सेवेस गेली, ती या डोंगराळ मुलुखांतील आपल्या लेकरांसाठीं सदैव विनंती करो. आमेन.